पूर्वज ठाण्याच्या किल्ल्यात ‘कामास आले’, आता ती जागा वडिलांना दाखवायची आहे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले घराणे मूळचे घणसोलीचे आणि आता आपण ऐरोलीला राहता. आत्याबाईंच्या पेटीत निघालेला एक मोडी कागद आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळी यांच्या आधारे आपण नऊ पिढ्यांची वंशावळ जुळवली आहे. आपले मूळपुरुष ठाण्याच्या किल्ल्यात नोकरीस होते, असे तो कागद ज्यांनी प्रथम वाचला त्यांनी आपल्याला सांगितले. आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या वडिलांना ती जागा दाखवण्याची आपली इच्छा आहे. किल्ला नेमका कुठे आहे, आत जाता येते का, आणि तिथे जाऊन काय पाहावे व काय करावे, हे आपण विचारले आहे. कागदाची छायाचित्रेही पाठवली आहेत आणि ती मी दोन दिवस शांतपणे वाचली. गेली सव्वीस वर्षे मी ठाण्यात राहून मोडी कागद वाचतो, वंशावळी तपासतो आणि पुष्कळ कुटुंबांबरोबर त्यांच्या पूर्वजांच्या जागी गेलो आहे. त्या अनुभवावरून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे वडिलांची निराशा होणार नाही. ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह. इंग्रजी अमलात किल्ल्याचा तुरुंग झाला आणि तो आजही चालू आहे. त्यामुळे तिकीट काढून, फाटकातून आत शिरून बुरुजावर उभे राहण्याची ही जागा नव्हे. तरीही जाणे व्यर्थ ठरणार नाही, कारण आपला कागद आपल्याला एका जागी नव्हे, तीन जागी नेतो आणि त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची जागा, माझ्या मते, किल्ला नाही. मात्र त्या जागांकडे वळण्याआधी कागद काय सांगतो ते पक्के करून घेऊ.

आपल्या वाचकाने ‘कामास आले’ या शब्दांचा अर्थ ‘नोकरीस लागले’ असा केलेला दिसतो. हा अर्थ बरोबर नाही. पेशवेकालीन कागदांत माणूस ‘कामास आला’ म्हणजे तो लढाईत मारला गेला. पुढच्याच ओळीत ‘मुलांचे बालपरवेशीस’ असे शब्द आहेत आणि त्यांनी हा अर्थ निश्चित होतो, कारण बालपरवेशी म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी सरकारने लावून दिलेली जमीन किंवा नेमणूक. म्हणजे आपल्या हाती असलेला कागद नोकरीचा नसून एका मृत्यूनंतर घराला मिळालेल्या आधाराचा आहे. वडिलांना हे सांगताना जरा जपून सांगावे. आजवर ज्यांना ते किल्ल्यातले नोकर समजत होते, ते त्याच किल्ल्यात मारले गेले, हे ऐकून वृद्ध माणूस गलबलून जातो, असे मी पाहिले आहे.

दुसरा प्रश्न ‘ठाणें’ या शब्दाचा आहे आणि इथे मी माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे. ‘ठाणें’ हे गावाचे नाव आहे, तसेच ते सामान्यनामही आहे. जिथे सरकारची शिबंदी, म्हणजे शिपायांची तुकडी, बसलेली असे, अशा कोणत्याही चौकीला ठाणें म्हणत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे संदर्भ हातात नसला की गाव आणि चौकी यांत फरक करणे अवघड जाते. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कुटुंबाने आणलेल्या फाटक्या कागदावर मी ‘ठाणें’ वाचले आणि त्यांना याच कारागृहाच्या तटापाशी घेऊन आलो. आजोबांनी तिथली चिमूटभर माती रुमालात बांधून देवघरात नेऊन ठेवली. वर्षभराने त्याच कागदाची पूर्ण नक्कल मिळाली आणि ते ठाणें घाटावरच्या एका परगण्यातली चौकी होती, असे निघाले. ते कुटुंबाला सांगण्यासाठी जाताना मला फार जड गेले. तेव्हापासून मी ठरवले आहे की शब्दाच्या अलीकडचा आणि पलीकडचा मजकूर लागल्याखेरीज कोणालाही जागा दाखवायची नाही. आपल्या कागदात ‘किले ठाणें’ असे आहे आणि त्याच्या अलीकडे ‘प्रांत साष्टी’ असे शब्द आहेत. साष्टी म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचे बेट. तेव्हा आपल्या बाबतीत हा किल्ला ठाण्याचाच, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही.

तिसरा प्रश्न काळाचा आहे. कागदाच्या शेवटी ‘खमस सबैन मया व अलफ’ असे सन लिहिले आहे. हा सुहूर सन, म्हणजे पेशवेकालीन कागदांत चालणारी एक कालगणना. त्याचे आकडे अरबी शब्दांत आणि उलट क्रमाने लिहितात: खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकूण ११७५. सुहूर सन मृगाला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला बदलतो. त्यात ५९९ मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. म्हणून ११७५ म्हणजे १७७४ च्या जूनच्या सुमारापासून १७७५ च्या मेअखेरपर्यंतचा काळ. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी हल्ला करून घेतला तो २८ डिसेंबर १७७४ रोजी, शके १६९६, जयनाम संवत्सरात. वर्ष जुळते.

पण वर्ष जुळले म्हणून थांबू नये. याच सुहूर सनाच्या अखेरीस, १८ मे १७७५ रोजी, गुजरातेत अडासची लढाई झाली आणि तिथेही मराठ्यांची माणसे इंग्रजांविरुद्ध लढताना पडली. नुसते सन पाहिले असते तर हा संशय राहिला असता. सुदैवाने आपल्या कागदावर ‘छ ७ मोहरम’ अशी तारीखही आहे. इथला ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात मुसलमानी महिन्याची तारीख. त्या वर्षीचा मोहरम मार्च १७७५ मध्ये पडतो. लक्षात घ्यावे की ही तारीख कागद लिहिल्याची आहे, मृत्यूची नव्हे. परंतु कागद मार्चमध्ये झालेला असल्यामुळे मे महिन्यातली लढाई आपोआप वगळली जाते आणि किल्ला पडल्यानंतर सव्वादोन महिन्यांत बालपरवेशीचा निर्णय झाला, असा क्रम लागतो. हा क्रम मला पूर्णपणे पटणारा वाटतो.

एक तपासणी मात्र राहिली आहे आणि ती आपण करावी, असा माझा आग्रह आहे. छायाचित्रात शिक्का दिसत नाही. कागदाच्या मागच्या बाजूला किंवा माथ्याशी शिक्क्याची पुसट खूण आहे का, तिच्यात ‘माधवराव नारायण’ ही अक्षरे लागतात का, आणि शेवटी ‘मोर्तब सूद’, म्हणजे मजकूर पुरा झाल्याची सरकारी खूण, आहे का, हे उजेडात तिरपे धरून पाहावे. त्या वेळी सवाई माधवराव वर्षाचेही झाले नव्हते, पण शिक्का त्यांच्या नावाचा होता. शिक्का नसेल आणि कोपऱ्यात कुठे ‘नक्कल’ असा शब्द असेल, तर आपला कागद पुढच्या काळात केलेली प्रत आहे. १८५२ नंतर इनाम कमिशनने जमिनींच्या सनदा तपासायला घेतल्या, तेव्हा घरोघर अशा नकला आणि करिने तयार झाले. त्यांतले बहुतेक प्रामाणिक होते, पण करिना हा दावेदाराने स्वतःच सांगितलेला वृत्तान्त असतो आणि त्यात पूर्वजाची योग्यता थोडी वाढवून सांगण्याचा मोह दिसतो. म्हणून पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात मार्च १७७५ ची रोजकीर्द पाहण्यासाठी अर्ज करावा. रोजकीर्द म्हणजे दररोज झालेल्या हुकमांची आणि जमाखर्चाची नोंदवही. बालपरवेशीची नोंद तिथे मिळाली, तर आपल्या पेटीतल्या कागदाला सरकारी दफ्तराची साक्ष मिळेल. स्वतः वाचायचे असल्यास पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्ग घेते. नव्या पिढीतल्या एकाने तरी ते करावे.

नामावळीविषयी एवढेच सांगतो की तीर्थोपाध्यायांच्या वह्या नातेसंबंधांसाठी फार विश्वसनीय असतात, कारण यात्रेला आलेल्या माणसाने आपली वंशपरंपरा स्वतः सांगितलेली किंवा लिहिलेली असते. पण आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्याने एकच नाव एकाआड एक पिढीत येते. आपल्या वंशावळीतही मूळपुरुषाचे नाव तिसऱ्या आणि पाचव्या पिढीत पुन्हा आले आहे. कागदात नावापुढे ‘बिन’ लिहून वडिलांचे नाव दिले आहे. ते नामावळीतल्या सर्वांत वरच्या नावाशी जुळते का, हे पाहावे. नऊ पिढ्यांना अडीचशे वर्षे, म्हणजे पिढीमागे अठ्ठावीसच्या आसपास वर्षे पडतात. हे प्रमाण स्वाभाविक आहे.

आता किल्ल्याकडे येतो. हा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० नंतरच्या वर्षांत बांधायला घेतला आणि तो पुरा होण्याआधीच मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. चिमाजी अप्पांच्या साष्टी-वसईच्या मोहिमेची सुरुवात इथून झाली आणि तिची सांगता मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर झाली. पुढे सदतीस वर्षे ठाणे मराठ्यांकडे होते. आपले मूळपुरुष या काळातल्या शिबंदीतले. वडिलांच्या मनात किल्ला म्हटल्यावर सह्याद्रीतला उंच गड, माची आणि बालेकिल्ला येत असेल, तर ते चित्र आधीच बाजूला ठेवायला सांगावे. हा भुईकोट आहे, खाडीच्या काठचा, बुरुज आणि खंदक असलेला. त्याचा दरारा उंचीचा नव्हता, पाण्याचा आणि तोफांचा होता. असा पोर्तुगीज घडणीचा किल्ला आतून कसा असतो हे पाहायचे असेल, तर वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि पाहायला खुला आहे.

१७७४ च्या डिसेंबरात काय घडले, हे वडिलांना त्या तटासमोर सांगावे लागेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि गादीचा तंटा उभा राहिला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाच्या शोधात होते आणि मुंबईकर इंग्रजांचा साष्टी व वसईवर फार पूर्वीपासून डोळा होता. इतक्यात साष्टी परत घेण्यासाठी गोव्याहून पोर्तुगीज आरमार येत असल्याची बातमी मुंबईत आली आणि आपण मागे राहू नये म्हणून इंग्रजांनी डिसेंबरात ठाण्यावर फौज रवाना केली. जनरल रॉबर्ट गॉर्डन तिचा सेनापती होता. किल्ल्यावर तोफा डागल्यावर २७ डिसेंबरच्या रात्री त्यांनी खंदक भरून काढण्याचा प्रयत्न केला. आतल्या शिबंदीने तो मोडून काढला आणि इंग्रजांचे सुमारे शंभर गोरे सैनिक पडले वा जखमी झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र हल्ला करून त्यांनी किल्ला घेतला आणि आतल्या बहुतेक शिबंदीची कत्तल केली. इंग्रजांचा आरमारी अधिकारी कमोडोर जॉन वॉटसन हाही या वेढ्यात जखमी होऊन मरण पावला. त्याचे नाव इतिहासात राहिले. आतल्या माणसांची नावे मात्र कुठे सलग लिहिलेली आढळत नाहीत. म्हणून आपल्या पेटीतला कागद मला इतका मोलाचा वाटतो. ज्या शेकडो माणसांना तिथे मृत्यू आला, त्यांपैकी एकाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि त्याच्या मागे मुले होती ही गोष्ट त्या कागदाने राखली आहे.

प्रत्यक्ष जाण्याविषयी. किल्ल्याचा तट आज कारागृहाची भिंत म्हणून उभा आहे आणि कोर्ट नाक्याच्या बाजूने व खाडीच्या बाजूने त्याचा काही भाग बाहेरून दिसतो. आत जाण्यासाठी कारागृह प्रशासनाची लेखी परवानगी लागते. आपण अर्ज जरूर करावा, त्याला कागदाच्या वाचनाची प्रत व वंशावळ जोडावी, मागणी नेमकी असावी. पण परवानगी मिळेलच असे धरून वडिलांना तारीख सांगू नये. भिंतीची, फाटकाची किंवा पहारेकऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत आणि ड्रोनचा तर विचारही करू नये. सकाळच्या वेळी फाटकाबाहेर कैद्यांचे नातेवाईक हातात पिशव्या घेऊन मुलाखतीची वाट पाहत बसलेले असतात. आपण पूर्वजाच्या ओढीने गेलेलो असतो आणि ती माणसे आजच्या दुःखाने आलेली असतात. तिथे घोळका करून मोठ्याने इतिहास सांगणे मला बरे वाटत नाही. जे सांगायचे ते आधी घरी किंवा नंतर सांगावे आणि भिंतीसमोर थोडा वेळ गप्प उभे राहावे.

याच भिंतीआड इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी फाशी दिले गेले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिले गेले तेही इथेच. त्यामुळे या जागेशी नाते सांगणारी कुटुंबे अनेक आहेत. इंग्रजी काळातल्या माणसाचा माग काढायचा असेल, तर वाट वेगळी: तिथे खटल्याची आणि तुरुंग खात्याची कागदपत्रे लागतात आणि त्यासाठी मुंबईचे पुराभिलेखागार गाठावे लागते. आपल्याला त्याची गरज नाही.

वडिलांना चालणे जमत नसल्याने तटासमोर फार वेळ थांबण्यापेक्षा त्यांना कौपिनेश्वराच्या देवळात न्यावे, असे मी सुचवतो. मासुंदा तलावाकाठचे हे देऊळ १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधले. म्हणजे आपले मूळपुरुष शिबंदीत होते तेव्हा ते नवे, फार तर चौदा वर्षांचे होते. किल्ल्यातल्या माणसाने श्रावणात वा शिवरात्रीला या शिवलिंगासमोर हात जोडले असतील, असे मी मानतो. याला कागदाचा पुरावा नाही, केवळ साधा तर्क आहे आणि वडिलांनाही तो तर्क म्हणूनच सांगावा. पण किल्ल्याची दारे बंद असताना, त्याच काळातल्या एका गाभाऱ्यात प्रत्यक्ष शिरता येणे ही छोटी गोष्ट नाही.

दुसरी जागा खाडी. ऐरोलीहून ठाण्याला येणारी लोकल दिघ्यानंतर ज्या पाण्यावरून जाते, ते पाणी आपण रोज ओलांडता. पण १७७४ च्या डिसेंबरनंतर हे पाणी सरहद्द झाले. पलीकडची साष्टी इंग्रजांकडे गेली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती कायमची त्यांच्याकडे राहिली. अलीकडचा मुलूख, म्हणजे बेलापूर पट्टी, मात्र पुढे चार दशके पेशव्यांच्या अमलात होता. बेलापूरचा किल्ला इंग्रजांनी कायमचा घेतला तो १८१७ मध्ये. आता आपल्या कागदाची शेवटची ओळ पुन्हा पाहावी. बालपरवेशीसाठी दिलेले बिघे साष्टीत नाहीत, ‘तर्फ बेलापूर’ (तर्फ म्हणजे गावांचा एक गट) मधल्या आपल्या मौजेत, म्हणजे गावात आहेत. साष्टी हातची गेलेली असताना सरकार तिथे जमीन देऊच शकत नव्हते. जी दिली ती खाडीच्या या तीरावर दिली. आपले घराणे घणसोलीचे कसे झाले, हा प्रश्न आपण पत्राच्या शेवटी जाता जाता विचारला होता. माझ्या मते त्याचे उत्तर या ओळीत आहे. मूळपुरुष ठाण्यात मारले गेले आणि त्यांची विधवा मुलांना घेऊन या जमिनीवर आली. कागदात त्यांच्या पत्नीचे नाव आहे, हे आपल्या वाचकाने सांगितलेले दिसत नाही. दुसऱ्या ओळीच्या अखेरीस एक स्त्रीनाम आहे आणि त्यापुढे ‘कोम’ असा शब्द आहे. कोम म्हणजे अमक्याची पत्नी. वंशावळीत आपण फक्त पुरुषांची नावे लिहिली आहेत. त्या बाईंचे नाव सर्वांत वर, मूळपुरुषाच्या शेजारी लिहावे. वंश तिने वाढवला आहे.

म्हणून तिसरी आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची जागा ती जमीन. ती शोधणे कठीण आहे पण अशक्य नाही. कागदात क्षेत्र बिघे आणि पांड यांत दिले आहे: वीस काठ्यांचा पांड आणि वीस पांडांचा बिघा. बिघा साधारण पाऊण एकराचा धरतात, पण काठीची लांबी जागोजागी बदलत असे, तेव्हा हिशेब काटेकोर मानू नये. तीन बाजूंच्या सीमा मात्र स्पष्ट आहेत: पश्चिमेस खार, म्हणजे खाडीकाठची खारट जमीन, उत्तरेस ओहोळ, पूर्वेस गावाची वाट. जुन्या कागदावरून पुढे येण्याऐवजी आता अलीकडच्या कागदांवरून मागे जावे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. त्या वेळचे संपादनाचे निवाडे आणि आपल्या घरात असतीलच असे, संपादित जमिनीच्या बदल्यात भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेचे कागद काढावेत. त्यांत सर्व्हे नंबर आणि वारसांची नावे मिळतात. त्यावरून जुने सातबारा आणि फेरफार काढावेत, आणि ठाण्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गाव नकाशाची नक्कल घ्यावी. ज्या सर्व्हे नंबराच्या पश्चिमेस खार आणि उत्तरेस ओहोळ नकाशात दिसेल आणि जो एकेकाळी आपल्या घराण्याच्या नावे होता, तो आपला. इनामाचा शेरा जुन्या फेरफारात सापडला तर फारच चांगले. १८७४ च्या वतन कायद्यानंतरची वतन रजिस्टरे आणि जन्ममृत्यूची कोतवाल बुके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी अशा पुष्कळ मोडी नोंदींचे स्कॅनिंग झाले असल्याने पूर्वीपेक्षा हे काम आता सोपे झाले आहे.

त्या जमिनीवर आज कदाचित इमारत असेल, रस्ता असेल किंवा एखादे मैदान असेल. गावदेवीचे देऊळ मात्र बहुधा जुन्याच जागी असते. नकाशावर ते खुणेसाठी धरून दिशा काढावी. वडिलांनी लहानपणी ती शेती पाहिलेली असण्याची शक्यता आहे. सिडको आली तेव्हा ते तिशीच्या आतले होते. त्यांना नकाशा दाखवण्याआधी त्यांच्याकडून जमिनीचे वर्णन ऐकून लिहून घ्यावे: बांध कुठे होता, ओहोळाला काय नाव होते, उधाणाचे पाणी कुठवर येई, त्या तुकड्याला घरात काय म्हणत. शेताची नावे फार चिवट असतात. एका घराच्या तोंडी ‘परवेशी’ हे शेताचे नाव म्हणून टिकलेले मी स्वतः ऐकले आहे आणि त्या घरात कोणालाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

विधीविषयी आपण विचारले आहे. कारागृहाच्या भिंतीपाशी फुले, दिवे किंवा पिंड ठेवू नयेत. तर्पण करायचे असेल तर सर्वपित्री अमावास्येला घरी करावे, किंवा भरतीच्या वेळी घणसोलीच्या खाडीकाठी. तिथी हवी असल्यास २८ डिसेंबर १७७४ ही तारीख पंचांग जाणणाऱ्याकडे द्यावी, तो तिथी काढून देईल. आपल्या मूळपुरुषांचा मृत्यू नेमका त्याच दिवशी झाला की आदल्या रात्री खंदकावर, हे कागदात नाही. संकल्पात दोन्ही दिवसांचा उल्लेख करायला हरकत नाही.

जाताना मूळ कागद नेऊ नये. घामाच्या हाताने आणि उन्हाने तो एका दिवसात जितका खराब होईल, तितका पेटीत पन्नास वर्षांत झाला नाही. त्याची मोठ्या अक्षरांतली छापील प्रत आणि खाली देवनागरी वाचन असे न्यावे. कागदाला प्लास्टिक लॅमिनेशन कधीही करू नये. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवावा आणि पेटीत डांबरगोळ्या टाकू नयेत.

शिक्क्याची बाजू पाहून झाली आणि त्या बाईंचे नाव आपल्याला नीट लागले नाही, तर दुसऱ्या ओळीचे जवळून, तिरप्या उजेडात काढलेले छायाचित्र पाठवावे. पहिले अक्षर ‘रा’ आहे की ‘ग’ यावर मी अजून अडलो आहे आणि वडिलांना ठाण्याला नेण्याआधी ते लागावे, असे मला मनापासून वाटते.